असिपाचा मोडका दात

मी एक जुना दात आहे. मोडलेला आणि मग जोडलेला. वरच्या रांगेत, अगदी समोर, उजव्या हाताला माझी जागा. नीट पाहिलंत तर माझ्या अंगावर एक तिरकी, पुसट रेघ दिसेल. रेघेच्या वर मी स्वतः आहे आणि खाली डॉक्टरांनी घडवलेला मी.

मित्रांनो, तोंडाच्या दारातच उभा असल्यामुळे आत जाणारं आणि बाहेर येणारं सगळं माझ्या समोरून जातं. घास जमेला, शब्द खर्चाला. इतकी वर्षं हे पाहून माझं मत असं झालं आहे की माणसं खाताना जेवढी निवडक असतात तेवढी बोलताना नसतात. वाळवलेल्या दह्याच्या कुरुताचा खडा दाताखाली फुटेल म्हणून जपतात, पण त्याहून टणक शब्द बिनदिक्कत सोडतात. असो. मी माझी गोष्ट सांगायला बसलो आहे, लोकांची नाही. पण लोक मध्ये येतीलच. ते येतातच.

माझी मालकीण असिपा. नारिन शहराच्या वरच्या डोंगरात तिचं घर. मी हिरडीच्या आत अंधारात घडत होतो तेव्हा माझ्या जागेवर एक दुधाचा दात बसला होता. मी वरून रेटलं, तो हलू लागला. असिपाच्या आजीने, सगळे तिला सेलकिन आपा म्हणत, तो दोन बोटांनी काढला, पावाच्या गोळ्यात गुंडाळला आणि भिंतीच्या कोपऱ्यातल्या बिळाशी ठेवला.

"उंदीरदादा, हा घे," आपा म्हणाली, "आणि आमच्या पोरीला तुझ्यासारखा पांढरा नि बळकट दे." मग नातीला दटावलं, "गाय इकडे येऊ देऊ नकोस हं. गाईने खाल्ला तर पिवळा येईल."

थोड्या काळाने मी उगवलो. सगळ्यांनी उंदराचं कौतुक केलं. इतके दिवस आत राबलो मी आणि शाबासकी गेली बिळात!

पण मित्रांनो, एक गोष्ट त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हती. दात बाहेर दिसला म्हणजे तो पुरा झाला असं नसतं. माझं मूळ अजून आखूड होतं, त्याच्या भिंती पातळ होत्या आणि टोक नरसाळ्यासारखं उघडं होतं. ते मूळ पुरं करणारा गवंडी माझ्या पोटात राहत होता. तुम्ही त्याला नस म्हणता. पण ती नुसती नस नव्हे. तो रक्ताने भरलेला, जिवंत, गुलाबी गर असतो. तो जगला तर मूळ वाढतं, भिंती जाड होतात, टोक बंद होतं. तो मेला की काम तिथेच थांबतं. कायमचं.

त्या उन्हाळ्यात आम्ही वर कुरणावर होतो. आपा असिपाला तेमिर कोमुझ शिकवत होती. बोटभर लांबीचं लोखंडी वाद्य ते. त्याच्या दोन दांड्या समोरच्या दातांवर टेकवायच्या, मधली पोलादी जीभ बोटाने छेडायची आणि तोंडाच्या पोकळीतून सूर घडवायचा. म्हणजे अर्धं वाद्य लोखंडाचं आणि अर्धं आमचं. पहिल्यांदा ती दांडी माझ्यावर टेकली आणि थरथर मुळापर्यंत पोचली, तेव्हा मला वाटलं की मी फक्त पाव तोडायला जन्मलो नाही.

आपा स्वतः मात्र वाजवून दाखवत नसे. नुसती गुणगुणून सांगे. "मी वाजवायचं ते वाजवलं. आता तुझी पाळी," म्हणे आणि हसे. हसली की तिचे समोरचे दोन सोन्याचे दात झळकत. मला तेव्हा ते फार श्रीमंत शेजारी वाटायचे.

एके दिवशी दुपार कलताना असिपा घोडीला लगाम घालायला गेली. घोडीच्या डोळ्यावर माशी बसली असावी. तिने मान झटकली आणि लगामाची लोखंडी कडी सरळ माझ्यावर आली.

कट्.

माझा खालचा भाग गवतात पडला. जिथे मोडलो तिथे मधोमध एक लाल ठिपका उघडा पडला. माझ्या गराने आजवर उजेड पाहिला नव्हता. त्याला एकदम वारा लागला. असिपाच्या किंकाळीने मेंढ्याही दचकल्या.

तंबूतून आपा धावत आली. तिने गवतातून तुकडा शोधून काढला, पदराला पुसला आणि हसली! "एवढंच ना? रडू नको. झीपार, पाव आण."

झीपार म्हणजे असिपाची आई. तिने पाव आणला खरा, पण देईना. "एने," ती सासूला म्हणाली, "हा दुधाचा नाही. दुधाचा गेला ना मागे. त्याच जागेवरचा आहे हा."

"त्याच जागेवरचा आहे म्हणूनच! उंदराने कच्चा दिला होता. आता पक्का देईल."

"पण एने, असं दोनदा देतो का तो?"

"केलीन, सूनबाई, मी सात पोरं वाढवली. तू एक वाढवते आहेस, तीही माझ्या मदतीने. पाव दे."

मित्रांनो, माझं अर्धं अंग पावात गुंडाळलं जाताना मी पाहिलं. आपाने उतारावरचं एक बीळ निवडलं. चांगलं, कोरडं. तिच्या मनात काडीचं कपट नव्हतं. सगळी माया होती, आणि त्याच मायेने मला उंदराच्या घरी धाडलं.

सकाळी असिपाने साय लावलेल्या, तळलेल्या बोरसोक पावाला हात लावला नाही. चहा गरम म्हणून नको, पाणी थंड म्हणून नको. तोंड मिटून ती नाकाने श्वास घेत बसली, कारण तोंडाने घेतला की वारा थेट माझ्या गरावर येई. तो सुजू लागला होता. उघड्या दारातून काय काय आत शिरत होतं ते मला कळत होतं, पण दार लावायला माझ्याकडे दारच उरलं नव्हतं.

झीपारने लेकीची हनुवटी उचलली, उजेडाकडे वळवली आणि तो लाल ठिपका पाहिला. ती उठली. "मी हिला खाली डॉक्टरकडे नेते."

"कच्च्या दातासाठी डॉक्टर?" आपा म्हणाली. "लोक हसतील."

"हसू देत. त्यांना दात आहेत."

आपाने शाल उचलली. मग तीही जीपमध्ये येऊन बसली. "तुम्हा दोघींना तो एशिम डॉक्टर फसवेल. मी बरोबर असलेली बरी."

खिंडीतून उतरणारा रस्ता तुम्ही पाहिलेला नाही ते बरं आहे. जीप खड्ड्यात आपटली की खालचे दात माझ्या मोडक्या कडेवर येत. असिपाने तोंडावर रुमाल धरला होता.  मला एकच विचार छळत होता. खाली गेल्यावर काय होतं ते मी ऐकून होतो. डॉक्टरकडे जाऊन आलेला प्रत्येक माणूस एकच वाक्य सांगायचा आणि तेही दिलासा मिळाल्यासारखं, "नस मारून टाकली."

एशिम डॉक्टरचा दवाखाना म्हणजे एक खोली, एक खुर्ची आणि एक काचेचं कपाट. कपाटात वरच्या खणात गडद काचेची लहान डबी. तिच्यात ती राखाडी पेस्ट. सोमल, म्हणजे विषच. कणभर दातात ठेवायचं, वरून बुजवायचं आणि माणसाला घरी पाठवायचं. एक-दोन दिवसांत आतलं सगळं मरतं. मग डॉक्टर मेलेलं काढून मुळातली पोकळी भरून टाकतो आणि हौस असेल तर वर सोनं चढवतो. सगळ्या जिल्ह्यात हीच रीत. लोक दारातून आत येताना सलामाऐवजी "डॉक्टर, नस मारा," असंच म्हणत.

"बसा, बसा," एशिम म्हणाला. टक्कल पडलेला, जाड भिंगांचा, थट्टेखोर माणूस. "कोणाची मारायची?"

"हिची," आपा म्हणाली. "तशी गरज नाही, दुसरा येणारच आहे. पण माझी सून हट्टी."

एशिमने असिपाचं तोंड उघडलं. त्याचा थट्टेचा चेहरा बदलला. "तुकडा कुठाय?"

झीपारने सासूकडे पाहिलं. सासूने खिडकीकडे.

"तुकडा! मोडलेला भाग! आणलात ना?"

"उंदराला दिला," असिपा रुमालातून म्हणाली.

"कोणाला?"

"उंदराला. पावातून."

एशिम खुर्चीच्या काठावर टेकला. "आपा, मी तो तुकडा इथे पुन्हा चिकटवला असता. आता तो उंदीर वर हसत असेल, चांगला दात दाखवून."

"मग काय झालं? नवा येईल."

"येणार नाही." एशिमने हे हळू आणि स्पष्ट सांगितलं. "दुधाचा पडला, त्याच्या जागी हा आला. याच्यामागे कोणी नाही, आपा. हा शेवटचा."

आपाचा हात नकळत कमरेच्या लाकडी नळीवर गेला. तिच्यात तेमिर कोमुझ असे.  चूक गळ्याशी आलेली माणसं दोनच गोष्टी करतात, एकतर गप्प राहतात नाहीतर आवाज चढवतात. आपाने आवाज चढवला.

"तर मग मारून टाक आणि सोनं चढव! माझे सगळे मारलेले आहेत. एकाची तरी तक्रार आहे का?"

"मेलेला कसली तक्रार करणार?" एशिम म्हणाला. पण उठला. सवयीचा हात होता तो, कपाटाकडेच गेला. आधी त्याने माझा क्ष-किरण फोटो काढून घेतला, फिल्म धुवायला टाकली आणि ती ओली असतानाच डबीचं झाकण उघडलं. बारीक उपकरणाच्या टोकावर राखाडी कण उचलला.

मित्रांनो, तो कण मला दिसत होता. खसखशीएवढा. माझ्या पोटातला गवंडी तेव्हाही काम करत होता, सुजलेला, घाबरलेला, पण करत होता.

"डॉक्टर बाइके," झीपार म्हणाली. तिने ओली फिल्म खिडकीशी धरली होती. "याचं टोक असं उघडं का दिसतंय?"

एशिमचा हात थांबला. तो खिडकीशी गेला. बराच वेळ पाहत राहिला. मग परत आला, तो कण कापसावर पुसला आणि डबीचं झाकण लावलं.

"मूळ अजून व्हायचंय," तो म्हणाला. "मुळाच्या टोकाला दार उघडं आहे. हे विष तिथून हाडात शिरेल. आणि नस मेली तर मूळ आहे तेवढंच राहील. आखूड, अंड्याच्या टरफलासारखं पातळ."

"मग?"

"दुसरी वाट आहे. वरचा सुजलेला थर तेवढा काढायचा. खालचा गर निरोगी असेल तर त्यावर सिमेंट बसवायचं. ते जिवंत भागाला त्रास देत नाही. त्याच्या आडोशाला गर स्वतःच नवी भिंत घालतो. मग मूळ वाढत राहतं."

आपाने डोळे बारीक केले. "हे तू किती जणांवर केलंस?"

"मोठ्यांच्या दाढांवर केलंय. लहान मुलीच्या समोरच्या दातावर... शिकून आलोय. इथे कोणी करू देत नाही. सगळ्यांना मारायचीच घाई."

"म्हणजे माझ्या नातीवर हात साफ करणार!"

"एने..." झीपार म्हणाली.

"मध्ये बोलू नको! मारलेला दात निदान गप्प बसतो. हा जगला नाही तर? पोरीला पुन्हा दुखेल, पुन्हा खिंड उतरायची..."

"आपा," एशिम मध्येच म्हणाला, "त्या नळीतलं काढा ना. एक धून वाजवा. फार दिवसांत ऐकली नाही."

 आपाने नळी मुठीत घट्ट धरली.

"का नाही वाजवत?" एशिमचा आवाज आता थट्टेचा नव्हता. "तुमचा डावीकडचा हलतो, हो ना? सोन्याखाली मूळ तडकलंय. तुमचा दात मोठेपणी मारला, मूळ पुरं झाल्यावर. तरी लोखंड टेकलं की चमक येते. मग टरफलासारख्या मुळावर ही पोर किती दिवस वाजवेल?"

असिपाने मान वळवून आजीकडे पाहिलं. "चोनआपा, म्हणून तू वाजवत नाहीस?"

मी आयुष्यात पुष्कळ तोंडं पाहिली आहेत. खोटं बोलायला उघडलेलं तोंड खरं बोलून मिटताना मात्र तेवढं एकदाच पाहिलं.

"म्हणूनच," आपा म्हणाली. मग सुनेकडे वळली. त्या घरात ती आजवर सुनेला सांगत आली होती, विचारत नव्हती. "केलीन, तू आई आहेस. तू सांग."

झीपारने लेकीचा हात हातात घेतला. "मारू नका," ती म्हणाली.

हिरडीत सुई गेली. मला बधिरपणा आला, पण दिसत सगळं होतं. एशिमने माझ्याभोवती रबराचा पातळ पडदा ताणला, थुंकी आत येऊ नये म्हणून. पाण्याचा फवारा सुरू झाला आणि त्याच्या धारेत फिरतं टोक माझ्या गराला भिडलं. त्याने अगदी वरचा थर काढला. रक्त आलं, लाल आणि भरपूर.

"आता ऐका," एशिम म्हणाला. "ओला कापूस दाबून धरतो. रक्त थांबलं, तर खालचा भाग धडधाकट आहे. थांबलंच नाही, तर सूज खोल गेली आहे. मग माझ्या हातात फारसं राहणार नाही."

त्याने कापूस दाबला. भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. आपा ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. 

त्याने कापूस उचलला. रक्त आलं.

 एशिमने आणखी किंचित गर काढला, नवा कापूस घेतला, पुन्हा दाबला. त्याच्या टकलावर घाम आला होता. मी माझ्या गवंड्याला सांगत होतो, थांबव रे, बाबा, थांबव. पण त्याच्या हातात काय होतं? रात्रभर उघड्या दारात पडलेला तो. जेवढा टिकला होता तेवढा टिकला होता.

कापूस पुन्हा उचलला.

लाल होतं. पण वाहत नव्हतं. स्वच्छ, ओलसर, गुलाबी टेकडीसारखा माझा गर जागच्या जागी बसला होता.

"थांबलं," एशिम म्हणाला, आणि मग स्वतःलाच ऐकू यावं म्हणून पुन्हा एकदा म्हणाला.

मग त्याने खालच्या खणातून एक न फोडलेली पुडी काढली. पांढरी भुकटी पाण्यात कालवून त्या गरावर अलगद बसवली, वर पक्कं बुजवलं आणि माझं हरवलेलं अर्धं अंग थर चढवत पुन्हा घडवलं. आम्ही निघताना त्याने बजावलं, "जगला की नाही ते आज कळणार नाही. कुरणावरून उतराल तेव्हा आणा. तोवर लोखंड लावायचं नाही."

ते दिवस फार वाईट गेले. दुखत नव्हतं, आणि तीच भीती होती. गर शांत झाला म्हणून दुखत नाही की मेला म्हणून? असिपा रोज आरशात मला पाही, रंग काळवंडला का म्हणून. झीपार तिच्या नकळत पाही. आपा कोणाला कळू न देता दोघींना विचारी, "काळा नाही ना?" तिने नळी स्वतःच्या उशीखाली ठेवली होती, नातीचा हात पोचू नये म्हणून. शेजारपाजारच्या बायका येऊन सांगत, "मारून टाकायचा होता, कटकट गेली असती." दुसऱ्याच्या दाताबद्दल माणसं किती उदार असतात!

गवत पिवळं पडलं, तंबू उतरले, आणि आम्ही पुन्हा त्या खुर्चीत होतो.

एशिमने बर्फाची पेन्सिलीएवढी कांडी घेतली. "थंड लागलं की हात वर कर," तो असिपाला म्हणाला. आधी शेजारच्या दाताला लावली. हात झटकन वर गेला. मग ती कांडी माझ्यावर आली.

काही नाही.

एशिमने कांडी धरून ठेवली. हात खालीच होता. आपाने शालीचा काठ दातांत धरला. माझ्या पोटात सिमेंट होतं, त्याखाली नवी भिंत होती. थंडी आत उतरायला वेळ लागत होता. मी मोठ्याने ओरडत होतो, अजून थांबा, काढू नका! पण दाताचं कोण ऐकतं?

"अजून धरा," असिपाच म्हणाली. आणि पुढच्या क्षणाला ती खुर्चीतून उसळली. "आय्याय! लागलं! दुखलं!"

मित्रांनो, एक मूल कळवळलं आणि तीन मोठी माणसं आनंदाने हसली, असं दृश्य मी पुन्हा पाहिलेलं नाही. आपा तर नातीचे गाल दोन्ही हातांत धरून म्हणत होती, "ओरड, माझ्या सोन्या, अजून ओरड!"

"बघा आपा, सोनं चढवावं लागलं नाही," एशिम म्हणाला, आणि भिंगं पुसू लागला. जरा जास्तच वेळ पुसत बसला.

नव्या फोटोत माझं मूळ थोडं लांबलं होतं. पुढे दर वर्षी लांबत गेलं, भिंती भरत गेल्या, टोक बंद झालं. आज असिपा नारिनच्या संगीतशाळेत शिकवते. लोखंडी दांडी माझ्यावर टेकवते तेव्हा मी हलत नाही. मुलं समोर बसून ऐकतात, आणि मी त्यांचे दात पाहतो. काही घासलेले, काही नुसते घासल्याचं सांगितलेले. मला फरक कळतो.

माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे, मित्रांनो, आणि मला हात नाहीत तेव्हा ती मनापासून आहे असं समजा. आम्हाला सकाळ-संध्याकाळ घासा. दात मोडला तर तुकडा कोणालाही देऊ नका, दुधात ठेवा आणि लगेच डॉक्टरकडे धावा. आतला गर नेहमीच वाचतो असं नाही. पूर्ण सडलेला काढावाच लागतो आणि तेव्हा डॉक्टरांचं ऐका. पण दुखतंय म्हणून खुर्चीत बसल्याबरोबर "मारून टाका" म्हणू नका. आम्हा दातांना दुखण्यावाचून दुसरी भाषा येत नाही. ते दुखणं म्हणजे आत कोणीतरी अजून काम करत असल्याची खूण असू शकते. गप्प करण्याआधी एकदा विचारा, आत कोणी आहे का?

असेल, तर ते ओरडेल. त्याला ओरडू द्या.